थंड इंजिनाची धाप

करूळचा घाट चढून गगनबावड्याला पोहोचेपर्यंत त्या गाडीचा तापमानाचा काटा सात वेळा चढला आणि सात वेळा उतरला. स्पृहा देशिंगकरने ते मोजले होते. काटा हळूहळू वर सरके, लाल रेघेच्या अलीकडे क्षणभर थबके आणि ओठांवर आलेली गोष्ट कुणी गिळून टाकावी तसा खाली येई. काचेबाहेर धुके होते. धुक्यात दरी नव्हती, रस्ताही नव्हता. होता तो फक्त पुढच्या वळणाचा अंदाज.

शेवटचे वळण संपले तिथे पत्र्याची शेड दिसली. पाटीवरची अक्षरे दमट हवेने खाल्ली होती: लोहार इंजिन वर्क्स. दाराशी लाकडी खोक्यावर बसून एक सहासष्ट वर्षांचा माणूस पान्यांना तेल लावत होता. त्या पान्यांनी कित्येक दिवसांत एकही नट फिरवला नसावा, इतके ते स्वच्छ होते.

"मिस्त्री, मी स्पृहा. पुण्याहून आले, कोकणातून वळसा घालून. हस्तवेध प्रकल्पात काम करते."

केरबा लोहारने मान वर केली. "म्हंजे माझा हात घिऊन गेल्याली माणसं. आता परत द्याया आलायसा व्हय?"

"एका अर्थी, हो."

तो उठला. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "काटा नाचतोय न्हवं? पंखा मधीच सुटतोय, मधीच गप होतोय. ऐकलं मगाशी."

"तीन ठिकाणी दाखवली. तिन्ही वेळा हस्तवेधनं सांगितलं, पाण्यात हवा अडकली आहे. हवा काढली, थर्मोस्टॅट बदलला, सेन्सरची तारसुद्धा नवी टाकली. दोन दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच."

"सांगणारा हात कुणाचा हुता?"

स्पृहाने त्याच्या डोळ्यांत पाहिले. "तुमचा," ती म्हणाली.

तो हात आता देशभर पसरलेला होता. आठ वर्षांपूर्वी, सन दोन हजार तेहतीसमध्ये, इथेनॉलवर चालणारी इंजिने रस्त्यांवर वाढू लागली आणि त्यांची दुखणी ओळखणारे जुने मिस्त्री मात्र एकेक करून मावळू लागले, तेव्हा हस्तवेधची कल्पना निघाली. तो दिसायला पातळ, राखी रंगाचा हातमोजा. त्याच्या धाग्यांत विणलेले सूक्ष्म संवेदक दाब, उष्णता आणि कंप सेकंदाला हजार वेळा टिपत. एवढे तर इतर यंत्रांनाही जमत होते. हस्तवेधचे नवेपण होते कोपराखाली बांधलेल्या पट्ट्यात. स्पर्श झाल्यावर हात काय ठरवतो, हे तो पट्टा स्नायूंतल्या विजेच्या लहरींवरून वाचत असे. मुरलेल्या कारागिराचा हात त्याच्या जिभेच्या आधी निर्णय घेतो, आणि तो निर्णय साठवता येतो, हा त्यामागचा शोध होता. मग कुठल्याही गावातल्या नवख्या माणसाने मोजा घालायचा, पाईप चाचपायचा, आणि त्याच्या कानात मुरलेल्या मिस्त्रीच्या आवाजात निदान उमटायचे. तापणाऱ्या इंजिनांसाठी केरबाचा हात निवडला गेला, कारण घाटमाथ्यावरच्या त्याच्या शेडमध्ये आयुष्यभर दुसरे काही आलेच नव्हते.

शालन, केरबाची बायको, चहा घेऊन बाहेर आली. स्टीलचे दोन पेले तिने नुसत्या बोटांनी, काठांना न धरता, मधोमध धरले होते. स्पृहाने पेला घेतला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला. शालनच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे तपकिरी डाग होते. केरबाला ते रोज दिसत. रोज दिसणाऱ्या गोष्टींकडे माणूस पाहतोच असे नाही.

स्पृहाने मांडीवर संगणकाचा पडदा उघडला. "मिस्त्री, काटा अस्थिर असला की बहुतेक वेळा दुखणं साधंच असतं. पाणी कमी, हवेचा बुडबुडा, अडखळणारी झडप, सैल तार. मोजा ती बरोबर ओळखतो. चुकतो तो एकाच ठिकाणी."

"हेड गॅस्केट," केरबा म्हणाला.

तिने मान हलवली. इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केटचा पातळ थर असतो. तो केसाएवढा चिरला की प्रत्येक स्फोटाबरोबर जळता वायू भोवतीच्या पाण्यात घुसतो. तेव्हाही पाण्यात बुडबुडेच होतात आणि काटा तसाच झोके घेतो. बुडबुडे काढून टाकले की दोन दिवस सारे शांत, कारण चीर अजून लहान असते. मग एके दिवशी भर घाटात ती रुंदावते. बाहेरून शिरलेली हवा आणि आतून फुटलेला वायू यांतला फरक काट्याला सांगता येत नाही. तो हाताला कळावा लागतो.

"वर्षभरात शंभरावर इंजिनं अशी गेली," स्पृहा म्हणाली. "शेवटची गाडी तुमच्या गावातली. रमजान मुल्लाणी. वरचा पाईप फुटला तेव्हा ते वाकून बघत होते."

केरबाने पेला खाली ठेवला.

"म्हणून मी मूळ नोंदी काढल्या. चौदा महिन्यांत तुम्ही तीनशे सहा गाड्या तपासल्या. गॅस्केट गेलेल्या एकोणसाठ. एकही चुकला नाहीत." तिने पडद्यावरची एक रेघ मोठी केली. "पण हे बघा. इथं तुमची बोटं पाईपला लागली. आणि निर्णय इथं झालाय, चार सेकंद आधी. प्रत्येक गाडीच्या वेळी असंच. स्पर्श व्हायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं. मग मोजा तुमच्या स्पर्शातून नेमकं काय शिकला?"

धुके शेडच्या आत आले होते. शालन दारातच उभी होती, आठ वर्षांपूर्वी उभी होती तशीच.

"अनुभव," केरबा म्हणाला. "गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. इंजन थंड लागतंय. सकाळी बघू."

स्पृहा विश्रामगृहाकडे गेली. तिच्या पावलांचा आवाज धुक्यात लवकर विरला, आणि तो प्रश्न मात्र शेडमध्ये उभ्या गाडीसारखा मागे राहिला.

त्याचे उत्तर दोन माणसांना ठाऊक होते. बत्तीसाव्या वर्षी केरबाने घाईत एका तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले होते. वाफेने उजव्या हाताची कातडी नेली. कातडी पुन्हा आली, पण बोटांच्या टोकांतली जाग परत आली नाही. पाना धरता येई, वजन कळे. बारीक थरथर मात्र कळेना. आणि सुरुवातीच्या चिरेची खूण तेवढीच असते. रात्रभर थंड झालेले इंजिन पहाटे चालू करायचे, वरचा पाईप अंगठा आणि दोन बोटांत धरायचा. पाणी अजून गार असताना, पहिल्याच मिनिटात, पाईप आतून किंचित ताठरला आणि त्यात दमलेल्या जनावरासारखी धाप लागली, तर चीर आहे.

ती धाप शालन ओळखे. पहिल्यांदा तिने सहज म्हणून पाईप धरला होता आणि म्हणाली होती, "अवो, ह्येला धाप लागल्याय." पुढची सव्वीस वर्षे ते तसेच चालले. गिऱ्हाईक यायच्या आधी, उजाडता उजाडता, ती पाईप धरी. बाईने हात लावलेल्या इंजिनावर ट्रकवाले विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून हे कुणाला सांगायचे नाही, असे दोघांत न बोलता ठरले होते. गिऱ्हाईक आले की ती चहा आणी. नुसता कप आला तर धाप नाही. कपाखाली बशी आली तर धाप आहे. मग केरबा सर्वांदेखत पाईप चाचपून, डोळे मिटून, निदान सांगे.

मोजेवाले रोज सकाळी आठ वाजता येत. चहा त्यांच्यासमोरच येई. कॅमेऱ्यांनी कप टिपला, बशीही टिपली, आणि यंत्राने दोन्ही निरुपयोगी म्हणून गाळून टाकले. मोजा शिकला तो केरबाचा अभिनय.

आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या प्रमुखाने अर्ज भरताना विचारले होते, "निदान तुम्ही एकट्यानंच करता ना?" शालन तबक घेऊन दारात उभी होती. केरबाने तिच्याकडे पाहिले नाही. "व्हय," तो म्हणाला होता. एक शब्द. आठ वर्षे तो घरात कुठेतरी पडून होता, आणि दोघेही त्याला पाय न लावता वावरत होती.

स्पृहा गेल्यावर, संध्याकाळी केरबा रमजानच्या घरी गेला. रमजान ओसरीवर बसला होता. दोन्ही तळहात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले.

"या मिस्त्री. हात मिळवाया जमायचं न्हाई," तो हसून म्हणाला.

"दुखतंय?"

"जेवताना बायको भरवत्या. वीस वरसांत एवढी माया केली न्हवती तिनं." मग म्हणाला, "म्या इचारलं हुतं त्या घाटाखालच्या गॅरेजवाल्याला. म्हटलं, खात्री हाय का नुसतीच हवा हाय म्हणून? तर म्हणाला, केरबा लोहारचा हात हाय. कानात तुमचाच आवाज. मग मी कशाला शंका घिऊ?"

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर केरबाला काहीतरी उत्तर देता आले असते.

घरी आल्यावर तो चुलीपाशी बसला. शालन भाकरी थापत होती.

"सकाळी पाईप तू धर," तो म्हणाला. "त्या पोरीसमोर. मोजा घालून."

तिचे हात थांबले नाहीत. "आता कशाला?"

"त्यवढं ऱ्हायलंय म्हणून."

"आठ वरसांमागं मी दारात हुते."

"ठावं हाय."

"तुमी बगितलं न्हाई माझ्याकडं."

"न्हाई बगितलं."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्या दिशी मी बशी आणली हुती," ती म्हणाली. "माणसं आली म्हणून बरी बशी काढली, असं तुमाला वाटलं असंल. तसं न्हवतं. शेडमधी गाडी न्हवती. तुमी 'व्हय' म्हणालात आन् मी आत जाऊन बशी घिऊन आले." तिने तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटली, आणि बोटे तव्याला टेकलेली राहिली. केरबा जमिनीकडे पाहत होता. त्याला ते दिसले नाही.

सकाळी सहाला स्पृहा आली. गाडी नाक उताराच्या वरच्या अंगाला करून रात्रभर उभी ठेवली होती. इंजिन दगडासारखे गार होते. केरबाने तिला सारे सांगितले: वाफ, बोटे, कप, बशी. सांगताना तो बॉनेटच्या कडेला धरून उभा होता. स्पृहाने पिशवीतून लहान मापाचा मोजा काढला.

"काकू, त्वचेसारखाच आहे हा. आतलं सगळं तुम्हाला कळेल. तुमच्या हाताचा निर्णय आम्ही पुन्हा पहिल्यापासून नोंदवू. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. पण चुकणाऱ्या प्रत्येक मोज्यापर्यंत तो पोचेल."

शालनने मोजा चढवून घेतला. पदर खोचला. केरबाने इंजिन चालू केले. तिने वरचा पाईप अंगठा आणि दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. सव्वीस वर्षे दुसऱ्या कुणी न पाहिलेली ती उभी राहण्याची रीत केरबाला ओळखीची होती: डावा खांदा किंचित खाली, मान कलती, परक्या घरात कुणाच्या श्वासाचा कानोसा घ्यावा तशी.

एक मिनिट गेले. पडद्यावर पाईपचा दाब चढत होता. खाली तिच्या स्नायूंची रेघ सरळ होती.

"काय म्हणतंय?" केरबाने विचारले.

तिने मोजा उतरवला. उघड्या बोटांनी पाईप धरला, पुन्हा, अधिक घट्ट. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आले आणि मग ते निघून गेले, जणू ते तिथे यायचे हे तिला आधीच माहीत होते.

"मला काय कळंना," ती म्हणाली.

"अगं, नीट धर."

"नीटच धरलंय." तिने हात काढून घेतला, पदराला पुसला. "शुगरनं बोटं गेली. पाच वरसं झाली. वाटलं, पाईप तरी कळंल."

इंजिन चालूच होते. केरबाने ते बंद केले.

"बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तुमी इचारलं न्हाई. आन् गाड्या तरी कुठं येत हुत्या? म्हटलं, बोटं आता कुणाला लागत्यात."

त्याने तिचा हात धरला. डाग एकेक करून पाहिले, जणू पहिल्यांदाच. कुठला तव्याचा, कुठला पेल्याचा, हे त्याला सांगता येईना.

निदान शेवटी रसायनाने केले. स्पृहाने निळ्या द्रवाची काचनळी रेडिएटरच्या तोंडाशी धरली. पाण्यातून वर येणारी हवा त्यातून जाऊ लागली आणि थोड्या वेळाने निळा रंग पिवळा पडला. जळता वायू पाण्यात येत होता. ही परीक्षा जुनी आणि खात्रीची. फक्त ती चीर बरीच वाढल्यावर बोलते. शालनची बोटे महिनाभर आधी बोलत.

दोन दिवस केरबा त्या इंजिनावर वाकलेला होता. हेड उतरवले, पृष्ठभाग घासून सपाट केला, नवे गॅस्केट बसवले, बोल्ट ठरल्या क्रमाने थोडे थोडे आवळले. मग पाणी भरून, नाक वर ठेवून, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वाट पाहिली. घाटात दोनदा खाली-वर करून आणली. काटा मध्यावर चढला आणि तिथेच राहिला.

"काकू," निघताना स्पृहा म्हणाली, "नोंदीत तुमचं नाव घालते. उशिरा का होईना."

"नको, बाई. नाव माझं घालशीला आन् मोजा तसाच आंधळा ऱ्हाईल. मग फुडला रमजान माझ्या नावानं भाजंल."

"मग काय करू?"

"ह्येला ह्ये कळत न्हाई, असं लिवा."

स्पृहाने केरबाकडे पाहिले. मोजा घालणाऱ्यांच्या कानातला आवाज त्याचा होता, तो बदलायला त्याची संमती लागणार होती. देशभरातल्या गॅरेजांत, ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते त्यांच्या कानात, त्याचा हात आता काय सांगणार होता, ते त्यालाच ठरवायचे होते.

"लावा ते यंत्र," तो म्हणाला.

तिने ध्वनिमुद्रक पुढे धरला. केरबा दोनदा खाकरला. मग जपून, प्रत्येक शब्द बोल्टसारखा आवळत बोलला, "काटा हलत असंल आन् हवा काढूनबी ऱ्हात नसंल, तर ह्ये मला कळत न्हाई. निळ्या पाण्यानं तपासा." आणि पुढे म्हणाला, "ही पारख शालनची हुती. मी इचारली न्हाई, म्हणून ती गेली."

स्पृहाने यंत्र बंद केले. "शेवटची दोन वाक्यं ठेवतील की नाही, मला सांगता येणार नाही, मिस्त्री."

"तुमी ऐकलीसा न्हवं?"

तिची गाडी वळणापलीकडे गेली. आवाज बराच वेळ एकसारखा येत राहिला आणि मग थांबला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना केरबा आधी उठला. त्याने चहा टाकला, गाळला, आणि फडताळाच्या मागच्या बाजूने एक बशी शोधून काढली. ती धुवावी लागली. शालन शेडच्या दारात खोक्यावर बसली होती. समोर रिकामे आवार होते आणि त्यात धुके. त्याने कप बशीसकट तिच्यापुढे धरला.

तिने बशीकडे पाहिले. मग आवाराकडे.

"कुठली गाडी आल्याय?"

"गाडी न्हाई."

खोक्यावर थोडी सरकून तिने त्याला जागा दिली. कपाला बोटे लावली आणि तशीच ठेवली.

"गरम हाय का बगा," ती म्हणाली.

त्याने उजव्या हाताची बोटे कपाला टेकवली. कप होता, त्याचे वजन होते. धुक्यात वाफ वेगळी दिसत नव्हती. त्याने बोटे काढली नाहीत, तिनेही काढली नाहीत. आणि चहा निवला असेल असे वाटेपर्यंत दोघे तशीच बसून राहिली.